एसव्हीएन-२३ची निवृत्ती आणि १३.७ मायक्रोसेकंदांची चूक

२५ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेच्या हवाई दलाने जीपीएसच्या ताफ्यातला सर्वांत जुना उपग्रह कायमचा सेवेतून काढला. त्याचा क्रमांक एसव्हीएन-२३. बांधताना त्याचं आयुष्य साडेसात वर्षं धरलं होतं; तो २५ वर्षं टिकला. त्याला काढल्यावर काही तासांतच टेलिकॉम कंपन्यांच्या टायमिंग यंत्रणांवर इशारे झळकू लागले, ब्रिटनमध्ये बीबीसीच्या डिजिटल रेडिओचं प्रसारण काही भागांत बिघडलं आणि जीपीएस चालवणाऱ्या तुकडीकडे फोन यायला लागले. मागे उरलेल्या ताफ्यातले १५ उपग्रह यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, सुमारे १३.७ मायक्रोसेकंदांनी चुकीची सांगत होते. (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग; नॅनोसेकंद त्याच्याही हजारपट लहान.)

हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या दिवशी आकाशात काहीही बिघडलं नव्हतं. निघून गेलेल्या उपग्रहात नाही आणि उरलेल्या पंधरांतही नाही. घड्याळं ठीक होती, कक्षा ठीक होत्या, सिग्नल ठीक होते. चूक झाली ती जमिनीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, यादीतून एक उपग्रह कमी करताना. आणि ती लोकांपर्यंत पोहोचली, कारण जमिनीवरच्याच अनेक रिसीव्हरांनी आलेला आकडा न तपासता घेतला. पहिल्या भागाबद्दल बरंच बोललं गेलं आहे. दुसऱ्याबद्दल त्या मानाने कमी बोललं जातं, म्हणून इथे भर त्यावर आहे. पण आधी त्या उपग्रहाची ओळख करून घेऊ. तो त्या लायकीचा होता.

उपग्रह

एसव्हीएन-२३ हा ‘ब्लॉक टू-ए’ मालिकेतला कक्षेत गेलेला पहिला उपग्रह. बांधणी रॉकवेल इंटरनॅशनलची. २६ नोव्हेंबर १९९० रोजी केप कॅनव्हरलवरून डेल्टा-२ रॉकेटने तो गेला, आणि त्या रॉकेटच्या ७९२५ या जास्त ताकदीच्या आवृत्तीचंही ते पहिलंच उड्डाण होतं. दोन महिन्यांच्या आत आखाती युद्ध पेटलं. तेव्हा जीपीएसचा ताफा २४ उपग्रहांचाही झालेला नव्हता. या मालिकेत पुढे एकूण १९ उपग्रह गेले, शेवटचा नोव्हेंबर १९९७ मध्ये.

कक्षेतलं वजन सुमारे ९८५ किलो. सौर पंख उघडल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच मीटरांहून थोडा जास्त पसारा. जमिनीपासून उंची साधारण २०,२०० किलोमीटर, कक्षेचा विषुववृत्ताशी कल ५५ अंश, आणि एक फेरी ११ तास ५८ मिनिटांची. पृथ्वीकडे वळलेल्या तोंडावर १२ हेलिकल, म्हणजे मळसूत्रासारख्या वळलेल्या, अँटेनांचा गुच्छ, आतल्या वर्तुळात चार आणि बाहेरच्या वर्तुळात आठ. त्यातून दोन वारंवारतांवर प्रक्षेपण: एल-१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि एल-२ म्हणजे १२२७.६० मेगाहर्ट्झ. सर्वांसाठी खुला असलेला नागरी कोड फक्त एल-१ वर, तर सांकेतिक लष्करी कोड दोन्हींवर. नागरी सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला जेमतेम एक तुकडा रिसीव्हरच्या वाट्याला येतो. त्यावरच सगळा डोलारा उभा आहे.

पोटात चार अणुघड्याळं होती, दोन सिझियमची आणि दोन रुबिडियमची. सिग्नल एका वेळी एकाच घड्याळावर चालतो, बाकीची राखीव. पाया असतो १०.२३ मेगाहर्ट्झचा, पण जमिनीवर घड्याळ लावताना ते मुद्दाम १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झवर लावतात. त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे घड्याळ पुढे पळतं, वेगामुळे थोडं मागे पडतं, आणि दोन्हींची वजाबाकी करून ते दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ती पुढची धाव आधीच कापून टाकलेली असते. हा ३८चा आकडा लक्षात असू द्या. २०१६ ची चूक १३.७ मायक्रोसेकंदांची होती, म्हणजे सापेक्षतेची दुरुस्ती नऊएक तास विसरली तर जेवढा फरक पडेल, साधारण तेवढी.

‘टू-ए’ मधला ‘ए’ म्हणजे प्रगत. आधीच्या ब्लॉक टू उपग्रहांना जमिनीवरून ताजा मजकूर मिळाला नाही तर ते १४ दिवस संदेश देत राहू शकत. टू-ए मध्ये ती मुदत १८० दिवसांवर नेली. अचूकता रोज घसरत गेली असती, पण सिग्नल बंद पडला नसता. शीतयुद्धाच्या सावलीत आखलेली ही गरज होती: जमिनीवरची केंद्रं उद्ध्वस्त झाली तरी उपग्रह बोलत राहिले पाहिजेत. त्याच विचारातून या उपग्रहांवर अणुस्फोट टिपणारी उपकरणंही बसवलेली होती.

या मालिकेचा एक स्वभाव मोजणीवाल्यांना चांगला ठाऊक आहे. वर्षातून दोन वेळा काही आठवडे असे येतात की उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीतून जातो. टू-ए उपग्रह सूर्याकडे बघून स्वतःची दिशा धरत. सावलीत सूर्य दिसेनासा झाला की दिशा सांभाळणारी यंत्रणा सेन्सरमधल्या निव्वळ गोंगाटावर चाले आणि उपग्रह स्वतःभोवती कसाही फिरे. मग १९९४ पासून त्या यंत्रणेत अर्ध्या अंशाचा ठरावीक झुकाव मुद्दाम घालण्यात आला. फिरणं थांबलं नाही, पण कोणत्या बाजूने आणि किती वेगाने फिरेल हे आधी सांगता येऊ लागलं. अँटेनेचं केंद्र उपग्रहाच्या मध्यावर नसतं, त्यामुळे सेंटिमीटरचा हिशेब करणाऱ्यांना हे माहीत असणं भागच होतं. अशा जुन्या यंत्रांना सांभाळून घ्यायचं हे काम लोकांनी वर्षानुवर्षं निष्ठेने केलं. मला त्याचं मोल फार वाटतं.

२००४: घड्याळ खरंच बिघडलं तेव्हा

१ जानेवारी २००४ रोजी एसव्हीएन-२३ वरचं चालू रुबिडियम घड्याळ भरकटलं. हा हार्डवेअरचा खराखुरा बिघाड होता. उपग्रह मात्र आपण ठणठणीत असल्याचंच सांगत राहिला. जमिनीवरून त्याच्यावर ‘वापरू नका’ असा शिक्का बसेपर्यंत पावणेतीन तासांच्या आसपास गेले, आणि तोवर त्याच्यापासून मोजलेल्या अंतरातली चूक शेकडो किलोमीटरांवर गेली होती.

जीपीएसच्या इतिहासातल्या गंभीर घटनांमध्ये ती मोजली जाते. तरीही ज्या रिसीव्हरांमध्ये मोजमापांची आपसांत पडताळणी होती, त्यांनी स्वतःला वाचवलं. स्थान काढायला चार उपग्रह पुरतात. पाच दिसले तर विसंगती आहे एवढं कळतं, सहा दिसले तर खोटं कोण बोलतंय तेही शोधता येतं. विमानांमधल्या रिसीव्हरांमध्ये ही तपासणी आधीपासून असते, कारण तिथे ती सक्तीची आहे. तेव्हा हवाई दलाच्या स्वतःच्या निरीक्षण केंद्रांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. २००५ पासून दुसऱ्या एका सरकारी संस्थेची केंद्रंही त्यांना जोडली गेली आणि ताफ्यावरची नजर बरीच दाट झाली.

घड्याळ गेल्यावर त्याच वर्षी एसव्हीएन-२३ सेवेतून बाजूला झाला. पण मोडीत निघाला नाही. असे उपग्रह राखीव म्हणून कक्षेतच ठेवतात आणि गरज पडली तर पुन्हा उठवतात.

दोन क्रमांकांची गोष्ट

प्रत्येक जीपीएस उपग्रहाला दोन क्रमांक असतात. एसव्हीएन हा जन्माचा क्रमांक, तो कधीच बदलत नाही. दुसरा पीआरएन, म्हणजे तो कोणता कोड प्रक्षेपित करतो त्याचा क्रमांक. रिसीव्हरला दिसतो तो हाच. हा क्रमांक उपग्रहाच्या मालकीचा नसतो, तो जागेसारखा असतो. एक उठला की दुसरा बसतो. जुन्या नेव्हिगेशन संदेशात अशा ३२ जागा आहेत.

एसव्हीएन-२३ सुरुवातीला पीआरएन २३ वर होता. तो बाजूला पडल्यावर २००४ च्या जूनमध्येच एसव्हीएन-६० वर गेला आणि २३ ही जागा त्याला मिळाली. पुढे म्हातारा पुन्हा उठवायचं ठरलं तेव्हा त्याची जुनी जागा गेलेली होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तो परत कामाला लागला तो पीआरएन ३२ म्हणून, यादीतल्या अगदी शेवटच्या जागेवर. त्या जागी त्याने आणखी जवळपास आठ वर्षं सेवा दिली.

२०१६ च्या सुरुवातीला ३२ ही जागा हवी झाली. ब्लॉक टू-एफ मालिकेतला बारावा आणि शेवटचा उपग्रह, एसव्हीएन-७०, ५ फेब्रुवारीला जाणार होता आणि पुढे पीआरएन ३२ त्यालाच मिळाला. म्हणजे २५ जानेवारीला झालेलं काम अगदी नेहमीचं होतं: जुना उतरवा, जागा मोकळी करा, नवा बसवा. अशा वेळी जुन्या उपग्रहाला कामाच्या पट्ट्याच्या वर नेतात, उरलेलं इंधन संपवतात आणि बॅटऱ्या रिकाम्या करतात, म्हणजे पुढे स्फोट होऊन कचरा पसरत नाही. ही सगळी कामं चालकांच्या हातात बसलेली आहेत.

त्या रात्री काय झालं

हवाई दलाच्या निवेदनात मोजक्या शब्दांत मांडलेलं आहे ते असं. सर्वांत जुना उपग्रह ताफ्यातून काढला तेव्हा जमिनीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष उद्भवला. त्याचा परिणाम फक्त जुन्या एल-बँड सिग्नलांवरच्या वेळेवर झाला. नेव्हिगेशनचा गाभा व्यवस्थित चालू होता, पण यूटीसीची वेळ १३ मायक्रोसेकंदांनी सरकली होती आणि हे ठरलेल्या मर्यादेबाहेर होतं. २६ जानेवारीला स्थानिक वेळेनुसार रात्री १२:४९ वाजता कोलोरॅडोतल्या श्रीव्हर तळावरच्या, जीपीएस चालवणाऱ्या दुसऱ्या अवकाश परिचालन तुकडीने वापरकर्त्यांना अडचण येत असल्याची खातरजमा केली. सकाळी ६:१० वाजता, यूटीसीनुसार दुपारी १:१० वाजता, दुरुस्ती पूर्ण झाली. बाहेरून कोणी सिग्नल दाबला किंवा बनावट सिग्नल पाठवला असा प्रकार नव्हता, हेही त्यात स्पष्ट सांगितलं होतं.

खातरजमेपासून दुरुस्तीपर्यंत पाच तास एकवीस मिनिटं लागली. ज्या टेलिकॉम कंपन्यांनी त्रास नोंदवला त्यांच्या हिशेबात तो सुमारे बारा तासांचा होता. या दोन आकड्यांमधलं अंतर मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. निदान करायला सुरुवात झाली ती वापरकर्त्यांच्या फोनवरून. अंतराच्या मोजणीत काही खोट आली असती तर नियंत्रण केंद्राच्या पडद्यावर ती लवकर दिसली असती, कारण घड्याळ आणि कक्षा यांचा हिशेब तिथे अखंड चालू असतो. यूटीसीचा फरक मात्र त्या हिशेबाच्या वाटेवर येत नाही. तो कडेला असलेला, दिवसेंदिवस जवळपास न बदलणारा एक छोटा आकडा आहे.

चुकीचा आकडा एकदम सगळ्या ताफ्यात गेला नाही, कारण नवा मजकूर प्रत्येक उपग्रहाला वेगवेगळा चढवला जातो, सहसा दिवसातून एकदा. त्या काळात ज्यांची पाळी आली ते पंधरा सापडले. बाकीचे आधी चढवलेला बरोबर आकडाच सांगत राहिले.

तो आकडा नेमका कुठे असतो

जीपीएसची स्वतःची वेळ असते. ६ जानेवारी १९८० पासून ती अखंड चालते आणि तिच्यात लीप सेकंद घालत नाहीत. यूटीसीत घालतात. त्यामुळे २०१६ च्या जानेवारीत जीपीएसची वेळ यूटीसीच्या १७ सेकंद पुढे होती. पूर्ण सेकंदांचा हा फरक सोडला तरी एक बारीक फरक उरतोच, कारण जीपीएसची वेळ वेगळ्या घड्याळांवर चालते आणि वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेच्या यूटीसीशी ती जुळवून ठेवावी लागते. हा बारीक फरक उपग्रह आपल्या संदेशात सांगतो. त्यातल्या स्थिर भागाला ए० म्हणतात आणि तो काळानुसार किती सरकतो त्याला ए१. सोबत हे आकडे कोणत्या आठवड्यातल्या कोणत्या क्षणाला धरून आहेत, तेही दिलेलं असतं.

जुना संदेश सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. ३० सेकंदांची एक चौकट, चौकटीत पाच उपखंड, आणि सगळा मजकूर पूर्ण व्हायला अशा २५ चौकटी, म्हणजे साडेबारा मिनिटं. यूटीसीचे आकडे चौथ्या उपखंडाच्या १८व्या पानावर असतात. हे पान साडेबारा मिनिटांत एकदाच येतं आणि सगळे उपग्रह ते एकाच वेळी पाठवतात.

आता त्या रात्रीच्या एखाद्या रिसीव्हरची अवस्था बघा. त्याच्या डोक्यावर समजा दहा उपग्रह आहेत. १८वं पान आलं. पाच उपग्रह म्हणतात ए० काही नॅनोसेकंद, दुसरे पाच म्हणतात उणे १३.६९६ मायक्रोसेकंद. रिसीव्हर कोणाचं ऐकणार? अनेक यंत्रांमध्ये साधा नियम असतो: शेवटी जे पान नीट वाचलं गेलं ते खरं. मग एका फेरीत एकाचं पान शेवटी वाचलं जातं, पुढच्या फेरीत दुसऱ्याचं, आणि दर सेकंदाला बाहेर पडणारा ठोका, ज्याला सगळे १ पीपीएस म्हणतात, कधी जागेवर तर कधी १३.७ मायक्रोसेकंद आधी पडतो. ए० उणे असल्यामुळे हिशेबातली यूटीसी पुढे जाते, म्हणून ठोका आधी येतो. पाठीमागे जे नेटवर्क या ठोक्यावर चालतंय त्याला एकच दिसतं: संदर्भ उड्या मारतोय.

स्थान का बिघडलं नाही

प्रकाश १३.७ मायक्रोसेकंदांत सुमारे ४.१ किलोमीटर जातो. हीच चूक एखाद्या उपग्रहाच्या घड्याळाच्या दुरुस्तीत शिरली असती तर त्याच्यापासूनचं अंतर चार किलोमीटरने चुकलं असतं आणि जहाजं, विमानं, गाड्या सगळ्यांनाच ते जाणवलं असतं. तसं झालं नाही, कारण स्थान काढताना रिसीव्हरला यूटीसी लागतच नाही. तो उपग्रहांची घड्याळं एकमेकांशी ताडतो आणि सगळा हिशेब जीपीएसच्याच वेळेत करतो. यूटीसीची दुरुस्ती अगदी शेवटी, माणसांना किंवा दुसऱ्या यंत्रांना वेळ दाखवताना लावली जाते.

याच कारणामुळे सीडीएमए या पद्धतीच्या तेव्हाच्या मोबाइल नेटवर्कला मुळातून धोका नव्हता. त्यांची यंत्रणा जीपीएसच्या वेळेवर चालत होती, यूटीसीवर नाही. म्हणजे एकाच कंपनीचे एकसारखे दोन रिसीव्हर, एका ठिकाणी १ पीपीएस जीपीएस वेळेला बांधलेला आणि दुसऱ्या ठिकाणी यूटीसीला, असे असतील तर पहिला शांत झोपला आणि दुसऱ्याने अलार्म वाजवला. बऱ्याच टायमिंग रिसीव्हरांमध्ये ही नुसती एक सेटिंग असते. ज्या नेटवर्कला आपली सगळी केंद्रं एकमेकांशी जुळलेली असली की पुरतं, आणि जगाच्या घड्याळाशी काही देणंघेणं नाही, त्याने १ पीपीएस यूटीसीला बांधणं म्हणजे विनाकारण एक जादा अवलंबित्व गळ्यात घेणं. हा मुद्दा मला ठामपणे मांडावासा वाटतो, कारण कुणी विचार करून ती सेटिंग निवडली आहे असं फार क्वचित दिसतं. यंत्र ज्या सेटिंगवर आलं त्याच सेटिंगवर राहतं.

कोणाला किती लागलं

१३.७ मायक्रोसेकंद म्हणजे खूप की थोडे, हे विचारणाऱ्याच्या कामावर आहे. संगणकांची घड्याळं इंटरनेटवरून जुळवणाऱ्यांना मिलिसेकंद पुरतात. त्यांना पत्ताही लागला नाही. वीजजाळ्यात व्होल्टेजचा कोन मोजणारी उपकरणं मधोमध बसतात: ६० हर्ट्झच्या जाळ्यात १३.७ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ०.३ अंश, आणि तिथे मान्य असलेल्या एक टक्का चुकीत ०.५७ अंशापर्यंत मुभा असते. म्हणजे निम्म्याहून जास्त मुभा एका फटक्यात संपली, पण मर्यादा ओलांडली गेली नाही.

ज्या मोबाइल नेटवर्कमध्ये पाठवणं आणि घेणं एकाच वारंवारतेवर आळीपाळीने चालतं, तिथे प्रत्येक टॉवरची वेळ एका समान संदर्भाशी १.५ मायक्रोसेकंदांच्या आत जुळावी लागते. तिथे ही चूक मर्यादेच्या नऊपट. डिजिटल रेडिओतही अनेक प्रक्षेपक एकाच वारंवारतेवर एकाच वेळी तोच मजकूर सोडतात. सगळ्यांची घड्याळं सारखीच सरकली तर ऐकणाऱ्याला काही कळणार नाही. पण एक प्रक्षेपक चुकीचा आकडा घेऊन बसलाय, शेजारचा बरोबर, आणि तिसरा दोन्हींमध्ये झुलतोय, असं झालं की ते एकमेकांच्या पायात येतात. चूक सगळीकडे सारखी नव्हती, हेच नुकसानाचं खरं कारण.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत जीपीएसवर लावलेल्या घड्याळांची कायम नोंद ठेवली जाते. त्या रात्रीच्या नोंदींचा तिथे नंतर अभ्यास झाला, आणि सगळी यंत्रं सारखी वागली नव्हती असं त्यात दिसलं. सिग्नल तोच, आकाश तेच, तरी कोणी फसलं, कोणी नाही. फरक होता तो यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचा.

जे पकडता आलं असतं

जीपीएसच्या सिग्नलचा जाहीर तपशील सांगणाऱ्या दस्तऐवजात नियंत्रण केंद्रावर एक बंधन आहे: पूर्ण सेकंद सोडले तर जीपीएसची वेळ यूटीसीपासून एक मायक्रोसेकंदापलीकडे जाऊ द्यायची नाही. प्रत्यक्षात फरक त्याहून पुष्कळच कमी, नॅनोसेकंदांमध्ये असतो. म्हणजे ए० चा आकडा एक मायक्रोसेकंदापेक्षा मोठा दिसला तर दोनच शक्यता उरतात. एक तर सगळी यंत्रणा आपलं वचन मोडून बसली आहे किंवा आकडा चुकीचा आहे. दोन्हींत तो वापरायचा नसतो.

पण संदेशात ए० साठी ३२ बिट ठेवलेले आहेत आणि सर्वांत बारीक पायरी आहे एका सेकंदाला दोनाच्या ३०व्या घाताने भागून येणारी, म्हणजे ०.९३ नॅनोसेकंद. हिशेब केला तर त्या खान्यात उणे दोन ते अधिक दोन सेकंदांपर्यंतचा कोणताही आकडा मावतो. वचन एका मायक्रोसेकंदाचं आणि खाना दोन सेकंदांचा! वीस लाख पट मोकळी जागा. ज्यांनी रिसीव्हरचं सॉफ्टवेअर लिहिताना फक्त ‘खान्यात मावतो ना’ एवढंच बघितलं, ते फसले. ‘वचनात बसतो का’ हे विचारणारी एक ओळ पुरेशी होती.

आणखी दोन तपासण्या तितक्याच सोप्या आहेत. पहिली: दिसणाऱ्या सगळ्या उपग्रहांचं १८वं पान वाचा आणि आकडे जुळतात का बघा. स्थानासाठी जी आपसांतली पडताळणी २००४ मध्ये कामी आली, तीच इथे संदेशातल्या आकड्यांसाठी करायची. जुळत नसतील तर आधीचा चांगला आकडा धरून ठेवा. ए० दिवसभरात काही नॅनोसेकंदांपलीकडे हलत नाही, जुना आकडा आठवडाभर वापरला तरी बहुतेकांचं काही बिघडत नाही. दुसरी: आकड्यांसोबत दिलेला संदर्भ क्षण ताजा आहे का ते बघा. नियमानुसार हे आकडे किमान दर सहा दिवसांनी नवे व्हायला हवेत. फार जुन्या क्षणाला बांधलेला आकडा आला तर तो संशयितच.

नियंत्रण केंद्राची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. चढवण्याआधीच तो आकडा एका मायक्रोसेकंदाच्या कुंपणाशी अडायला हवा होता, आणि यादीतून उपग्रह कमी करण्यासारख्या रोजच्या कामाने दुसऱ्याच तक्त्यातला आकडा बदलणं हा आराखड्यातला दोष आहे. सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत चालकांची कार्यपद्धती बदलली असल्याचं हवाई दलाने लगेच जाहीर केलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने महत्त्वाच्या सेवांमध्ये वापरल्या जाणाऱ्या जीपीएस उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आलेला डेटा वापरण्याआधी तपासा, हा त्यातला मुख्य धागा. १२ फेब्रुवारी २०२० च्या अध्यक्षीय आदेशात स्थान आणि वेळेच्या सेवांचा जबाबदारीने वापर हा विषय सरकारी धोरणात आला.

पण आदेश निघाला म्हणून टॉवरच्या पायथ्याशी बसलेला जुना रिसीव्हर शहाणा होत नाही. ज्याच्या हाताखाली असं यंत्र आहे त्याने ते स्वतः तपासावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यासाठी जीपीएस सिम्युलेटर, म्हणजे उपग्रहांसारखे सिग्नल स्वतः तयार करणारं यंत्र, लागतो; तो भाड्यानेही मिळतो. दहा उपग्रहांचं आकाश तयार करा आणि पाचांच्या १८व्या पानावर ए० च्या जागी उणे १३.६९६ मायक्रोसेकंद घाला. रिसीव्हरचा १ पीपीएस आणि सिम्युलेटरचा स्वतःचा १ पीपीएस ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनलवर लावा आणि निदान पाऊण तास बघत राहा, म्हणजे ते पान तीनदा तरी येऊन जाईल. दोन्ही कडा एकमेकींवर स्थिर राहिल्या आणि रिसीव्हरच्या नोंदीत आकडा नाकारल्याची ओळ आली, तर यंत्र ठेवा. कडा १३.७ मायक्रोसेकंद सरकली आणि नोंदीत काहीच आलं नाही, तर उत्पादकाकडे नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, मागा, आणि ते येईपर्यंत शक्य असेल तिथे १ पीपीएस जीपीएस वेळेला बांधून ठेवा.